आकाशाबद्दलच्या प्रश्नांना रविवारी थोडी जागा द्या

मा. संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत आकाश आणि अवकाश याबद्दल वाचकांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरं देणारं एक छोटं सदर सुरू करावं, ही विनंती करायला हे पत्र लिहितोय. सुट्टी मिळाली की मी टेलिस्कोप घेऊन गावागावांत जातो, कधी शाळेत, कधी देवळाच्या आवारात, कधी किनाऱ्यावर, आणि लोक एवढे प्रश्न विचारतात की चंद्र बघून झाला तरी कोणी घरी जायला तयार नसतं. फक्त मुलंच नाही हां, आज्ज्या, रिक्षावाले, बँकेतले साहेब, सगळे. आणि बरेच जण म्हणतात की हे कधीपासून मनात होतं पण विचारायचं कोणाला?

मोरजीला रापणीवरच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरच्या) एका काकांनी विचारलं, चंद्र दिवसातून एकदाच डोक्यावरून जातो तर भरती दोनदा कशी येते? हा प्रश्न आयुष्यभर पाणी बघून जाळं टाकणाऱ्या माणसालाच पडणार. चंद्राच्या आकर्षणाने भरती येते एवढं एका ओळीत सांगून आपण मोकळे होतो, पण त्याने दुसऱ्या भरतीचा उलगडा होतच नाही. खरं म्हणजे चंद्राची ओढ जवळ जास्त आणि लांब कमी असते, त्यामुळे चंद्राकडच्या बाजूचं पाणी पृथ्वीपेक्षा जास्त ओढलं जातं आणि फुगतं, आणि पलीकडच्या बाजूला उलट, तिथे पाण्यापेक्षा पृथ्वीच जास्त ओढली जाते म्हणून ते पाणी मागे राहतं आणि तेही फुगतं, असे दोन फुगवटे झाले आणि पृथ्वी फिरताना आपला किनारा दोन्हींखालून जातो. चंद्र पण रोज थोडा पुढे सरकलेला असतो म्हणून भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा. हे सगळं मी वाळूत काठीने काढून दाखवलं, तर मी अमावास्येचं सांगायच्या आधी काकाच म्हणाले, म्हणजे अवसेला सूर्य पण त्याच बाजूने ओढतो, म्हणून पाणी जास्त चढतं! अशा माणसाला सायन्स कळत नाही असं कोण म्हणेल?

चांद्रयान-3 च्या वेळी तर सगळीकडे एकच प्रश्न होता, 1969 ला अमेरिकेची माणसं चार दिवसांत चंद्रावर उतरली आणि आपल्याला 14 जुलै ते 23 ऑगस्ट 2023 एवढे दिवस कसे लागले. काही जण हे अगदी खाली मान घालून विचारायचे, आणि तेच मला लागतं, कारण यात कमीपणाचं काहीच नाही. अमेरिकेच्या त्या अपोलो मोहिमेचं सॅटर्न रॉकेट उड्डाणाच्या वेळी 2,900 टनांच्या आसपास होतं, आपलं एलव्हीएम-3 साधारण 640 टनांचं. मोठ्या रॉकेटला यान सरळ चंद्राकडे सोडता येतं, आपण पृथ्वीभोवतीच फेऱ्या मारत, दरवेळी जवळच्या टोकाला इंजिन थोडा वेळ चालवून कक्षा लांबवत लांबवत गेलो. वेळ जास्त लागला पण लहान रॉकेटवर काम झालं. आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला 2025 मध्ये स्पेस स्टेशनवर गेले तेव्हा असंच, तिथे गुरुत्वाकर्षण नसतंच ना? असतं, चारशे किलोमीटरवर जवळजवळ 90 टक्के असतं, पण स्टेशन ताशी 28,000 किलोमीटरने आडवं पळत सतत पडतच असतं, आतली माणसंही त्याच्यासोबत पडत असतात, म्हणून तरंगल्यासारखी दिसतात.

उत्तर मिळालं नाही की ती जागा व्हॉट्सॲप भरून काढतं. 27 ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार हा मेसेज किती वर्षं फिरतोय. 2003 साली त्या तारखेला मंगळ खरंच खूप जवळ आला होता, तरी साडेपाच कोटी किलोमीटरच्या पुढेच, आणि आकाशात चंद्राच्या सत्तर पट लहान.

अजून एक महत्त्वाचं, माहिती गोव्याची हवी. शून्य सावलीचा दिवस घ्या, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखालीच जाते तो दिवस. दिल्लीला तो कधीच नसतो, मुंबईला मेच्या मध्यावर, आपल्याकडे मेच्या पहिल्या आठवड्यात (दुसरा ऑगस्टमध्ये, पण तेव्हा बहुतेक ढग). मुंबईची बातमी जशीच्या तशी आपल्याकडे छापली तर आपली पोरं चुकीच्या दिवशी उन्हात उभी राहणार. आणि तेही बरोबर बाराला नाही, साडेबाराच्या सुमारास, कारण आपलं घड्याळ उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावर लावलेलं आहे आणि गोवा त्याच्या बराच पश्चिमेला. ग्रहण असो, स्पेस स्टेशन दिसायची वेळ असो, पणजीतून किंवा काणकोणातून नक्की काय दिसणार ते लिहिलं तर लोक खरंच गच्चीवर जातील.

म्हणून म्हणतो, आठवड्याला दोनच प्रश्न घ्या, विचारणाऱ्याचं नाव-गाव छापा, उत्तर सोप्या मराठीत, आणि शेजारी पुढच्या आठवड्यात गोव्यातून काय दिसेल ते चार ओळींत. उत्तरं लिहायला कॉलेजातले फिजिक्सचे शिक्षक आहेत, आमच्यासारखे आकाश बघणारे आहेत, मानधन नको. पहिल्या रविवारसाठी मी काकांचा भरतीचा प्रश्न आकृतीसकट पाठवायला तयार आहे.

आपला,
एक आकाशप्रेमी वाचक, डिचोली