बाळाला ‘वाफ’ लिहून देता, तशी ती द्यायलाही शिकवा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडू लागली आणि ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला, की आमच्या कराड परिसरात जाळलेल्या पाचटाचा धूर संध्याकाळी खाली उतरून राहतो आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत छाती भरलेल्या तान्ह्या मुलांची गर्दी होते. त्यांतल्या पुष्कळ मुलांना मशीनची वाफ, म्हणजेच नेब्युलायझेशन, लिहून दिले जाते, आणि हे मशीन आता दवाखान्यापुरते न राहता घरोघरी आले आहे. औषध घरच्या घरी देता येणे ही मोठीच सोय आहे. मात्र तोंडावर मास्क येताच जिवाच्या आकांताने रडणाऱ्या, मान फिरवणाऱ्या, मास्क ओढून काढणाऱ्या बाळाला ते औषध द्यायचे कसे, हे घरच्या माणसांना क्वचितच कोणी शिकवते. मी डॉक्टर नाही, निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. गेल्या वर्षी नातवाच्या आजारपणात जे भोगले आणि त्यानंतर डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजले, तेवढ्याच आधारावर हे पत्र लिहीत आहे.

नातू तेव्हा नऊ महिन्यांचा होता. सर्दी झाली की त्याच्या छातीतून सूं सूं आवाज येई आणि धाप लागे. असे तिसऱ्यांदा झाले तेव्हा डॉक्टरांनी दिवसातून तीन वेळा नेब्युलायझेशन करण्याची चिठ्ठी दिली. औषधांच्या दुकानातून आम्ही दोन हजारांहून अधिक रुपये देऊन मशीन आणले. कपात औषध कुठे घालायचे आणि बटण कोणते दाबायचे, एवढे दुकानदाराने दाखवले, आणि आमचे शिक्षण तिथेच संपले. घरी मशीन सुरू होताच त्याच्या घरघरीने बाळ दचकले, मास्क तोंडावर येताच किंचाळू लागले. मग सूनबाईंनी मास्क धरायचा, मुलाने पाय आणि मी हात, असा दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटांचा क्रम सुरू झाला. तिसऱ्या दिवशी तर मशीनची पेटी कपाटातून काढताना पाहूनच तो रडू लागला. त्या रात्री सूनबाई मला म्हणाल्या, “आई, आता मला बघूनसुद्धा रडतो तो.” ते ऐकून मला काय वाटले, ते इथे लिहिता येणार नाही.

त्यानंतर आम्ही दयेपोटी मोठी चूक केली. मास्क तोंडावर न टेकवता नाकासमोर तीन-चार बोटांवर धरू लागलो, की निदान वाफ तरी लागेल. शेजारच्या जाणत्या बायकांनीही धीर दिला, की रडले तर उलट चांगलेच, श्वास मोठा घेते आणि औषध खोल जाते. पाचव्या दिवशी बाळाचे पोट भात्यासारखे हलू लागले, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, अंगावरचे दूधही त्याला ओढवेना, आणि त्याला दाखल करावे लागले. त्या रुग्णालयातल्या एका वयस्क परिचारिकेने माझ्या हातातला मास्क पाहिला आणि शांतपणे म्हणाली, “आजी, ही पाण्याची वाफ नव्हे, औषध आहे. असं दूर धरलं तर ते खोलीला मिळतं, बाळाला नाही.”

तेव्हापासून मला वाटते, की सगळ्या गोंधळाचे मूळ आपल्या त्या ‘वाफ’ या शब्दात आहे. पातेल्यातल्या पाण्याची वाफ घेताना चेहरा थोडा दूर असला तरी चालते, नव्हे तो दूरच ठेवायचा असतो. नेब्युलायझरमधून निघते ती गरम वाफ नसून औषधाच्या अतिसूक्ष्म थेंबांचे थंड धुके असते, आणि त्यातले साधारण एक ते पाच मायक्रॉन आकाराचे थेंबच श्वासनलिकांच्या बारीक फांद्यांपर्यंत पोहोचू शकतात. मास्क आणि गाल यांच्यामध्ये फट राहिली की हे धुके हवेत विरून जाते. मास्क अवघे दोन सेंटिमीटर दूर धरला तरी बाळाच्या श्वासात जाणारे औषध निम्म्याहून अधिक घटते, असे प्रयोगशाळेतल्या मोजमापांत आढळले आहे. आम्ही तर तीन-चार बोटांवर धरत होतो. शिवाय फटीतून वर जाणारे औषध बाळाच्या डोळ्यांत जाते ते वेगळेच.

रडण्याविषयीची समजूतही अशीच उलटी आहे, आणि ती खेडोपाडी, शहरांत, शिकलेल्या घरांतही आहे म्हणून थोडे सविस्तर लिहिते. रडणे म्हणजे बहुतांशी लांबलचक उच्छ्वास असतो. दोन हुंदक्यांच्या मध्ये बाळ जो श्वास घेते तो झटक्यात आणि वेगाने घेते. वेगाने आत येणारे थेंब वळण घेऊ शकत नाहीत, ते घशाच्या मागच्या भिंतीवरच आदळतात आणि गिळले जाऊन पोटात जातात. म्हणजे बाळ दहा मिनिटे आक्रोश करते, कपातले औषध संपते, घरच्यांना कर्तव्य पार पडल्यासारखे वाटते, आणि छातीत मात्र औषधाचा फारच थोडा अंश उतरतो. आजार हटत नाही, मग औषध बदलते, मात्रा वाढते. औषध चुकीचे होते की पोहोचलेच नव्हते, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

त्या परिचारिकेने आम्हाला जे दाखवले त्याला पंधरा मिनिटेही लागली नाहीत. बाळाला आडवे न निजवता मांडीवर सरळ बसवायचे, त्याची पाठ आपल्या छातीला टेकलेली, म्हणजे त्याला समोरचे दिसते आणि आपला आधारही जाणवतो. एका हाताने त्याच्या दोन्ही हातांभोवती सैलसर वेढा घालायचा, आणि दुसऱ्या हाताने मास्क समोरून एकदम न आणता हनुवटीकडून वर नेत नाकाच्या दांड्यापासून हनुवटीपर्यंत नीट बसवायचा. मास्क बाळाच्याच मापाचा हवा. आमच्या मशीनसोबत आलेला मास्क त्याच्या डोळ्यांपर्यंत जात होता, हे तोवर आमच्या लक्षातच आले नव्हते. औषध नसताना, मशीन बंद असताना तो मास्क दिवसभर खेळायला द्यायचा. आईने तो स्वतःच्या तोंडाला लावायचा, बाबांच्या गालाला लावायचा, मग बाळाच्या गालाला क्षणभर टेकवून काढायचा. मशीन दाराबाहेर ठेवून आधी नुसताच त्याचा आवाज ऐकवायचा आणि तेव्हा बाळाला कडेवर घेऊन काहीतरी गुणगुणत राहायचे. पोट भरल्याबरोबर औषध देऊ नये, कारण रडता रडता उलटी होते. प्रत्येक वेळी तेच गाणे म्हणायचे, म्हणजे गाणे संपले की मास्क निघतो हे त्याला कळू लागते. हे मी वर्गात पहिलीच्या मुलांबरोबर तीस वर्षे करत आले होते, आणि नातवाच्या वेळी घाबरून सगळे विसरले होते.

बाळ झोपेत असताना औषध द्यावे हा उपाय पुष्कळांना सुचतो. काही बाळांना तो मानवतो. पण बरीच बाळे मास्क टेकताच जागी होतात आणि झोपमोड झाल्याने अधिकच झगडतात, म्हणून त्याच्यावर विसंबून राहू नये. उलट एक गोष्ट तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. बाळाला खरोखर धाप लागलेली असेल, तर खेळवत बसण्याची ती वेळ नव्हे. तेव्हा ते रडले तरी मास्क नीट टेकवून औषध द्यावे आणि लगेच रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला पन्नास किंवा अधिक झाले, छाती आत ओढली जाऊ लागली, ते दूध घेईना, मलूल पडले, ओठ निळसर दिसू लागले, तर घरच्या मशीनवर एक तासही काढू नये.

आता स्पेसरविषयी. दमा असलेल्या लहान मुलांसाठी जगभर वापरली जाणारी ‘जिना’ (GINA, म्हणजे ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ची) ही मार्गदर्शक तत्त्वे तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना पहिली पसंती पंप (इनहेलर), स्पेसर आणि छोटा मास्क यांना देतात. नेब्युलायझर हा त्यानंतरचा पर्याय मानतात. स्पेसर म्हणजे पंपाला जोडायची, झडप असलेली प्लॅस्टिकची पोकळ नळी. पंप हलवून एकदा दाबायचा, मास्क टेकवलेला ठेवायचा आणि बाळाचे पाच ते दहा श्वास मोजायचे. डॉक्टरांनी दोनदा सांगितले असेल तर दुसऱ्या वेळी पुन्हा तसेच, दोन्ही एकदम दाबायचे नाहीत. झडप हलताना दिसते, त्यामुळे औषध जाते आहे की नाही हे डोळ्यांना कळते. घरघर नाही, वीज लागत नाही आणि दहा मिनिटांचे काम मिनिटाभरात होते. मास्कला विरोध करणाऱ्या बाळासाठी हा फरक किती मोठा आहे, हे ज्यांनी दहा मिनिटे मोजली आहेत त्यांनाच समजेल. नवा स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता आपोआप वाळू द्यावा, नाहीतर घर्षणाने प्लॅस्टिकवर येणाऱ्या विजेमुळे औषध आतल्या भिंतीलाच चिकटते, हेही मी डॉक्टरांना आवर्जून विचारल्यावरच मला कळले. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने आम्ही महागडे मशीन घेतले आणि काही शे रुपयांचा स्पेसर नाकारला. औषध तेच असते. मशीनमधून दिले म्हणून ते सौम्य होत नाही आणि पंपातून दिले म्हणून त्याची चटक लागत नाही.

मशीनच वापरायचे असेल तर त्याचीही शिस्त कोणी तरी सांगायला हवी. औषध पातळ करायला डॉक्टरांनी सांगितलेले निर्जंतुक सलाईनच वापरावे, नळाचे किंवा माठाचे पाणी कधीही नाही. प्रत्येक वेळेनंतर कप आणि मास्क धुऊन कोरडा करावा. स्टेरॉईड दिल्यावर बाळाचा चेहरा ओल्या फडक्याने पुसून त्याला थोडे पाणी किंवा दूध पाजावे. ब्युडेसोनाइडसारखे स्टेरॉईड अल्ट्रासॉनिक प्रकारच्या मशीनमधून नीट जात नाही, त्याला कॉम्प्रेसरचेच मशीन लागते. दुकानात मशीन घेताना हे विचारावे. आणि एकाच इमारतीत एक मशीन चार घरांत फिरते, सोबत मागच्या आजारातले उरलेले औषधही फिरते, हे तर थांबायलाच हवे. साल्ब्युटामॉल, म्हणजे श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध, जास्त झाले की बाळाचे हृदय धडधडते, हात थरथरतात, ते चिडचिडे होते. आपण समजतो की ते मास्कला चिडले आहे.

प्रत्येक खोकल्याला ही वाफ लागतेच असेही नाही. दोन वर्षांखालच्या मुलांत विषाणूंमुळे होणाऱ्या ब्राँकिओलायटिसमध्ये, म्हणजे बारीक श्वासनलिकांना येणाऱ्या सुजेत, साल्ब्युटामॉल देऊ नये, अशी शिफारस अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१४ सालीच केली आहे. त्यामुळे ‘डॉक्टर, वाफ का नाही दिली?’ असा आग्रह आपण धरू नये, आणि बाळंतिणीच्या खोलीत ओवा-लसणीची किंवा शेणीची धुरी तर मुळीच करू नये. धूर हा धूरच असतो, मग तो पाचटाचा असो की ओव्याचा.

माझी मागणी साधी आहे. ज्या दवाखान्यातून घरी औषध देण्याची चिठ्ठी दिली जाते, तिथेच आईने किंवा आजीने एकदा ते औषध परिचारिकेच्या देखत स्वतःच्या हाताने द्यावे आणि चूक झाली तर तिथेच सुधारून घ्यावी, त्याशिवाय बाळाला घरी पाठवू नये. औषधविक्रेत्यांनी तान्ह्या बाळांचे मास्क वेगवेगळ्या मापांत ठेवावेत. न्यूमोनियाविषयी जागृतीसाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये ‘सांस’ मोहीम सुरू केली, आणि आशा ताई तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत बाळाच्या घरी पाच वेळा भेट देतात. त्या भेटींतच स्पेसरचा मास्क कसा टेकवायचा हे बाहुलीवर दाखवता येईल.

हे मी आग्रहाने लिहिते, कारण आमच्या घरी वीज होती, मशीन घ्यायला पैसे होते, बाळाला धरायला तीन माणसे होती, तरी आमचे चुकले. साखर कारखान्याच्या तळावर कोपीत राहणारी ऊसतोड मजुराची बायको पहाटे फडावर जाते, तेव्हा धाप लागलेले बाळ तिच्या मोठ्या मुलीच्या हातात असते. तिथे मशीन चालवायला वीज कुठून येणार? तिला स्पेसर मिळायला हवा, आणि तो कसा धरायचा हे तिच्याबरोबर त्या मुलीलाही कोणीतरी समोर बसून दाखवायला हवे. सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांच्या आरोग्य विभागांनी आणि साखर कारखान्यांनी गाळप हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यातच तळांवर हे काम करावे, आणि आपल्या दैनिकाने मास्क धरण्याची योग्य पद्धत एकदा चित्रासह छापावी, अशी विनंती आहे. ते चित्र कापून आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या भिंतीवर मी स्वतः लावीन.

आपली विश्वासू,
एक आजी, कराड