आधी खेळण्यातली गाडी, मग रोबो

नाशिक

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

विशेष शिक्षकांच्या, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्यांच्या, प्रशिक्षणाचा तुझा आराखडा वाचला. पहिल्याच दिवशी रोबोचं कोडिंग ठेवलंयस, ते मागे ढकल. सुरुवात सेलवरच्या गाडीपासून कर.

दोन्ही बाजूंना तांबं असलेल्या पातळ सर्किट बोर्डाचा नखाएवढा तुकडा काप. प्रत्येक बाजूला एकेक वायर सोल्डर कर आणि त्यांची दुसरी टोकं ३.५ मिमीच्या मोनो सॉकेटला जोड. तुकडा सेल आणि पत्र्याच्या पट्टीमध्ये सरकव, म्हणजे वीज तिथे तुटते आणि स्विच दाबला तरच जोडली जाते. गाडीचं बटण चालूच ठेव आणि सॉकेटला मोठा दाबस्विच लाव. बोटांची पकड नसलेलं, सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असलेलं) मूलही तळहाताने गाडी पळवतं! एमजी रोडला सामान मिळेल. कडेचा तांब्याचा कीस दोन्ही बाजूंना चिकटला, तर गाडी न दाबताच सुटते. कडा पॉलिश पेपरने घासून घे. दाबून सुरू होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक खेळण्यांना मात्र हे चालत नाही, कारण वीज तुटली की ती पुन्हा बंद स्थितीत जातात.

मायक्रोबिट, म्हणजे कोडिंग शिकायचा छोटा संगणक-बोर्ड, दुसऱ्या दिवशी घे. त्याच्या ३ व्होल्टच्या पिनवरच सर्व्हो मोटर (ठरावीक कोनात फिरणारी, रोबोचा हात हलवणारी) जोडली, तर मोटर हलताना व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रीसेट होतो. मोटरला चार रिचार्जेबल सेलचा ४.८ व्होल्टचा वेगळा पॅक दे, ग्राउंड (ऋण टोकाची वायर) मात्र दोघांची एकत्र जोड. मोटरची किरकिर काही स्वमग्न मुलांना सोसत नाही. म्हणून रोबो आधी बंदच टेबलावर राहू दे, मग लांबून चालू करायचा. ब्रिटनच्या हर्टफर्डशायर विद्यापीठात स्वमग्न मुलांसाठी बनवलेल्या कास्पर रोबोचा चेहरा मुद्दाम साधा ठेवलाय, तोही मूल भांबावू नये म्हणूनच.

सगळ्यात जास्त वेळ मात्र थांबायला शिकवण्यात घाल. सूचना दिली की मनात दहा आकडे मोजायचे, मध्ये बोलायचं नाही, हात धरायचा नाही. मुलाने आपणहून केलं, आपण खूण केल्यावर केलं की हात धरून, एवढंच दर वेळी वहीत टिपायचं. शिक्षकांना एकमेकांवर हे करायला लाव. शांत बसणं किती जड जातं ते तेव्हाच कळतं. रोबोला हात हलवून दाखवणारं मूल आईला दाखवत नसेल, तर काम अर्धवटच आहे. तीच कृती रोबोसोबत, मग रोबो बाजूला ठेवून शिक्षकासोबत, मग आईसोबत.

सुरगाणा-पेठकडच्या शिक्षकांसाठी एक वेगळा तास ठेव. तिथे कित्येक घरांत कोकणा बोलतात. न बोलणारी मुलं बोट लावून सांगतात त्या टॅबवरच्या चित्रांना आईच्या आवाजात, घरच्या बोलीत शब्द भरायला शिकव. रेकॉर्डिंग पंखा बंद करून करायचं.

तुझाच,
मित्र