सात दिवसांत तक्रार करायची कशी?

संपादक महोदय,

पोलिसांनी पैसे मागितले तर तेव्हाच तक्रार का केली नाही, असे विचारणाऱ्यांनी कायदा एकदा वाचावा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर 7 दिवसांत कळवले तरच सुटका. मुलगा कोठडीत असताना आई त्याच खात्याविरुद्ध अर्ज करणार कशी? आमच्या रामबागेतल्या एका काकूंनी पाटल्या मोडून पैसे भरले आणि मुलगा घरी आल्यावरच तोंड उघडले. आज त्यांच्या कापडी पिशवीत पोचपावत्यांची चळत आहे, उत्तर एकही नाही. ठाण्यातला कॅमेरा म्हणे त्या दिवशी बंद होता. (नेमका कसा बंद पडतो, देव जाणे!)

सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये प्रकाश सिंह खटल्यात जिल्ह्याजिल्ह्यांत पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितले. 2020 मध्ये ठाण्यांत, कोठडीतसुद्धा, सीसीटीव्ही लावून चित्रण 18 महिने जपण्याचा आदेश दिला. पीडिताला ते सुरक्षित ठेवायला लावण्याचा हक्क आहे, मानवाधिकार आयोगाकडे जाता येते, असे फलक ठाण्याच्या दारात हिंदीतही लावायचे आहेत. काकूंच्या ठाण्यात 'स्वच्छ इंदूर'चा फलक झळकतो, हा नाही.

2021 पासून इंदुरात पोलीस आयुक्तालय आहे. आयुक्तांनी निदान हे फलक लावून घ्यावेत आणि त्यांवर तक्रार प्राधिकरणाचा व लोकायुक्त कार्यालयाचा पत्ता ठळक छापावा.

— एक वाचक, रामबाग, इंदूर