शिडांवरचे नौदल प्रशिक्षण

संपादक महोदय,

इटलीच्या नौदलाचे ‘अमेरिगो वेस्पुची’ हे तीन डोलकाठ्यांचे प्रशिक्षण जहाज 2024 च्या अखेरीस जगप्रदक्षिणेदरम्यान मुंबई बंदरात आले होते. नेपल्सजवळच्या कास्तेल्लामारे दी स्ताबिया येथे 1931 साली बांधलेल्या या जहाजाच्या काळ्या पोलादी अंगावरील पांढरे पट्टे जुन्या युद्धनौकांच्या तोफांच्या मजल्यांची आठवण म्हणून रंगवलेले आहेत. त्याची सव्वीस शिडे आजही कॅनव्हासची असून ती हातांनीच ओढली जातात, आणि लिव्होर्नोच्या नौदल अकादमीतील प्रशिक्षणार्थी दोरखंडांवर काम करूनच वारा, समुद्र आणि परस्परांवरचा विश्वास ओळखायला शिकतात.

उपग्रहाच्या युगात हे शिक्षण कालबाह्य झाल्याचे मत अधूनमधून मांडले जाते. मला ते पटत नाही, कारण यंत्र बंद पडल्यावर काय करायचे हे यंत्र शिकवत नाही. आपल्या नौदलालाही हे मान्य असावे, कारण गोवा शिपयार्डने बांधलेली ‘तरंगिणी’ 1997 पासून हेच काम करते आहे आणि 2003-04 मध्ये तिने पृथ्वीप्रदक्षिणाही केली. तिच्यामागून ‘सुदर्शिनी’ 2012 मध्ये दाखल झाली. दोघींचा तळ मात्र कोचीत असल्याने कोकणातल्या मुलांना त्या क्वचितच दिसतात. (आरमाराचा वारसा सांगणाऱ्या आपल्या राज्याला ही गोष्ट खटकायला हवी.) नौदलाने आणि राज्य शासनाने मिळून या जहाजांना रत्नागिरीसारख्या बंदराजवळ वर्षातून एकदा नांगर टाकायला लावावा व शालेय विद्यार्थ्यांना ती आतून पाहू द्यावीत, अशी माझी विनंती आहे.

– एक वाचक, रत्नागिरी