गाडी आमची आहे, मुक्कामाला जागा द्या

प्रति,
मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या (एमटीडीसी) पर्यटक निवासांच्या आवारात खासगी कॅम्पर व्हॅनसाठी मुक्कामाची जागा, आणि सोबतच्या पाळीव कुत्र्याबद्दल लेखी नियम मिळण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

२०२१ साली राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा आमच्या घरात त्याची बातमी मोठ्याने वाचली गेली होती. चाकांवरचं घर घेऊन फिरणाऱ्यांचा सरकारने विचार केला, याचंच अप्रूप होतं. पण त्या धोरणात सवलती आणि नोंदणीचा विचार आहे तो मुख्यतः दोघांसाठी: कॅराव्हॅन पार्क उभारणारा आणि कॅराव्हॅन भाड्याने देणारा. दोघेही उद्योजक. त्यांना प्रोत्साहन मिळालं याबद्दल तक्रार नाही. मात्र ज्याने आपल्याच पैशाने गाडी बांधून घेतली, रीतसर कर भरला, आणि ज्याला फक्त रात्रीपुरती एक सपाट, सुरक्षित जागा हवी आहे, अशा कुटुंबाच्या हाती त्यातून काही आलं नाही. हे पत्र त्या कुटुंबांच्या वतीने आहे.

आम्ही सांगलीचे. घरात सासूबाई, आम्ही दोघं, मुलगा आणि चिंगी नावाची गावठी कुत्री. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली आमची व्हॅन आरटीओच्या कागदावर खासगी वापराची कॅम्पर व्हॅन म्हणून नोंदलेली आहे. असली गाडी म्हणजे श्रीमंतांचं खूळ, असं पुष्कळांना वाटतं. आमच्या घरी तिचं कारण सासूबाईंचे गुडघे. त्यांना खाली बसता येत नाही. गणपतीपुळ्याला जायचं म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "वाटेत कमोड कुठे मिळेल?" या एका प्रश्नापायी त्या कितीतरी वर्षं कुठे गेल्या नाहीत. मोठ्या वयाच्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, हे आपल्याही घरात आपण पाहिलं असेल. गाडीत स्वतःचा कमोड आला आणि सासूबाई पुन्हा समुद्रावर आल्या.

दुसरं कारण चिंगी. कुत्रं असलेल्या घराने प्रवास कसा करायचा? रेल्वेत कुत्रं सोबत न्यायचं तर फर्स्ट एसीचा आख्खा कूपे किंवा केबिन घ्यावी लागते, नाहीतर त्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत ठेवावं लागतं. हॉटेलं बहुतेक नाहीच म्हणतात. मागे ठेवून जावं तर शेजाऱ्यांवर भार, आणि बोर्डिंगचा खर्च माणसाच्या लॉजइतका. मग घरातलं कुणीतरी एक जण मागे राहतं. बहुतेक वेळा घरातली बाई. हे मी अनुभवाने लिहिते आहे.

तर गाडी आहे, घर आहे, कुत्री आहे, रस्तेही आता चांगले झाले आहेत. अडतं ते संध्याकाळी सहानंतर. गाडी लावायची कुठे?

आज आमच्यासारखे लोक पेट्रोल पंपावर, ढाब्याच्या मागे किंवा कुणाच्या तरी ओळखीने अंगणात मुक्काम करतात. पंपावरची माणसं भली असतात, रात्रभर उजेड असतो, म्हणून बायकामाणसांना तीच जागा बरी वाटते. पण शेजारी ट्रकची इंजिनं चालू असतात, डिझेलचा वास गाडीत भरतो आणि मुलाला खाली सोडता येत नाही. देवस्थानांच्या वाहनतळावर जागा असते, पण तिथे कुत्रं नको म्हणतात आणि ते म्हणणं मला योग्य वाटतं. भाविकांच्या भावनेचा प्रश्न आहे. राहिला समुद्रकिनारा किंवा धरणाचा काठ. तिथे गाडी लावली की गावकरी येऊन विचारतात. त्यांचाही राग मला समजतो. रात्री उघड्यावर स्वयंपाक करून, पत्रावळी आणि बाटल्या टाकून, सकाळी झाडाआड जाऊन निघून जाणाऱ्या गाड्या त्यांनी पाहिलेल्या असतात. गोव्याने तर २०१९ साली कायद्यात दुरुस्ती करून पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्यांना दंड लावला. दंड जरूर असावा. पण ज्याला नियमाने राहायचं आहे त्याला जागाही दाखवली पाहिजे, नाहीतर नियमाने राहणारा आणि घाण करणारा दोघेही एकाच काठावर, एकाच संशयाखाली उभे राहतात.

आता जरा नको वाटणाऱ्या विषयाकडे येते, कारण कॅम्पर व्हॅनचा खरा प्रश्न तिथेच आहे आणि धोरणांच्या चर्चेत त्याचं नाव कुणी काढत नाही. आमच्या गाडीतल्या संडासाची टाकी वीस लिटरच्या आतबाहेर. चार माणसांना ती जेमतेम दोन दिवस पुरते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती कुठेतरी रिकामी करावीच लागते. कुठे करायची? नाल्यात नाही, शेतात नाही, खाडीत तर नाहीच. पंपावरच्या संडासात ओतायला मालकाची परवानगी मागताना कसं वाटतं, ते सांगत नाही. सेप्टिक टँकमध्ये ओतायची तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. टाकीत घालायची काही औषधं फॉर्मल्डिहाइडची असतात आणि ती मैला कुजवणाऱ्या जिवाणूंनाच मारतात. त्यामुळे जैविक औषध वापरणाऱ्यांनाच ती परवानगी द्यावी, असं मी स्वतःहून सुचवते. भांडी घासलेल्या आणि आंघोळीच्या पाण्याचा प्रश्न त्या मानाने सोपा. आपल्या ग्रामपंचायतींनी जागोजागी शोषखड्डे केले आहेत, तसा एक पुरतो.

म्हणजे मागणी किती आहे पाहा. निवासाच्या आवारात एका कडेला चार-पाच गाड्या राहतील एवढी मुरूम टाकून दाबलेली सपाट जागा. एक नळ. सेप्टिक टँकच्या चेंबरवर झाकणाचं तोंड आणि ते धुवायला शेजारी तोटी. शोषखड्डा. प्रत्येक गाडीला सोळा अँपिअरचा एक सॉकेट, नीट अर्थिंग केलेला आणि शॉक बसण्याआधी वीज तोडणारा ब्रेकर लावलेला, कारण कोकणात पावसाळाभर सगळं ओलं असतं. रात्रभर उजेड असलेलं एक स्वच्छतागृह आणि फाटकावर माणूस. यातलं बरंचसं एमटीडीसीच्या निवासांत आधीपासून आहे. महामंडळ १९७५ सालचं. त्या पिढीने राज्यातल्या सुंदर ठिकाणी आवारं मिळवून ठेवली, ती आज सोन्यासारखी आहेत. कार्ला, महाबळेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली. तिथे कॅराव्हॅनसाठी वातानुकूलित काही उभारण्याची गरज नाही. आम्हाला खोली नको, खाट नको, चादरी नकोत. जागेचं भाडं आणि विजेचं मीटरप्रमाणे बिल आम्ही आनंदाने भरू.

जागा नेमून देण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते आमच्या सोयीपेक्षा मोठं आहे. रत्नागिरी, राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, सपाट जांभा दिसला की गाडीवाल्याला वाटतं, मुक्कामाला यासारखी जागा नाही. त्याच जांभ्यावर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं कोरलेली आहेत, आणि ती जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. चाक वर गेलं तर झालेलं नुकसान भरून येत नाही. पावसाळ्यात तोच सडा इवल्या फुलांनी भरतो. किनाऱ्यांचंही तसंच. श्रीवर्धन, नागाव, गुहागर, लाडघर आणि डहाणूचा पारनाका या किनाऱ्यांना २०२५ मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. त्या मानांकनाच्या अटींमध्ये किनाऱ्यावर विनापरवाना मुक्काम आणि वाहनं नकोत, आणि कुत्र्यांवर कडक नियंत्रण हवं, असं आहे. योग्यच आहे. मग गुहागरला येणाऱ्या गाडीसाठी गावात, किनाऱ्यापासून मागे, एक अधिकृत जागा हवी. ती असली तर किनाऱ्यावरून गाडी हटवणाऱ्या पोलिसाला "तिकडे जा" असं सांगता येईल. आज तो नुसतं "इथून जा" म्हणतो.

आणि आता चिंगीबद्दल.

आमची सगळ्यात मोठी अडचण नियम कडक असण्याची नाही. नियम लिहिलेला नसतो, ही आहे. कोकणात एका ठिकाणी फोनवर "कुत्रं चालेल, आणा" असं सांगितलं होतं. सहा तास गाडी चालवून फाटकाशी पोचलो तर दुसऱ्या माणसाची पाळी होती आणि तो म्हणाला, नाही. अंधार पडलेला, सासूबाई दमलेल्या. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. कागदावर काहीच नसल्यामुळे दोघांनीही आपापल्या अंदाजाने उत्तर दिलं होतं. अशा वेळी माणूस पुढच्या खेपेला विचारणंच सोडून देतो, कुत्रं पडद्याआड लपवतो, आणि मग सगळेच जण नियम मोडणारे ठरतात.

म्हणून लेखी नियम हवा आणि तो कडक असला तरी चालेल. रेबीजच्या चालू लसीचा दाखला आरक्षण करतानाच मागावा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत पट्टा सहा फुटांहून लांब चालत नाही. कुत्र्याला बहुतेक मुक्कामाच्या तळांवर मुभा असते, जंगलातल्या बहुतेक पायवाटांवर नसते. आपल्याकडेही तसंच असावं. विष्ठा मालकाने उचलावी, नाही उचलली तर दंड आणि दुसऱ्यांदा प्रवेश बंद. भुंकण्याने शेजाऱ्याची झोप मोडली तर जागा सोडायला सांगण्याचा अधिकार व्यवस्थापकाला असावा. कुत्र्याचं वेगळं शुल्कही घ्या. आणि ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते, त्यांच्यासाठी आवाराचा काही भाग कुत्र्यांना बंद ठेवा. लहानपणी ज्याला कुत्रं चावलं तो माणूस ती भीती आयुष्यभर विसरत नाही. त्याचा हक्क माझ्या कुत्रीच्या हक्काच्या आधी येतो.

अभयारण्यांत मात्र कुत्रं नकोच, हे मी श्वानप्रेमी म्हणून ठामपणे लिहिते. २०१८ साली गीरमध्ये काही आठवड्यांत बरेच सिंह दगावले, त्यांच्यातल्या अनेकांत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. हा मुळात कुत्र्यांचा रोग. पाळीव कुत्र्याला लस दिलेली असते हे खरं, पण जंगलाच्या बाबतीत अशी जोखीम घेऊ नये. भंडारदऱ्याला लागूनच कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. तिथे व्हॅनला जागा द्या, कुत्र्याला देऊ नका, आणि ते आरक्षणाच्या पानावर ठळक छापा. अकोले, जुन्नर भागात तर उलटाही धोका आहे. तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा असतो, हे गावातलं लहान मूलही सांगेल. गाडीबाहेर बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला मुक्कामाच्या तळावर बोलावणं. रात्री कुत्रं गाडीच्या आतच, हा नियम तिथल्या सगळ्या आवारांना लावा. शहरातून येणाऱ्या अनेकांना हे माहीत नसतं. फाटकावरच्या पाटीवर दोन ओळी लिहिल्या तर एखाद्या घरचं कुत्रं वाचेल आणि बिबट्यावर पिंजरा लावण्याची वेळही येणार नाही.

गाड्यांनाही अट घाला. न्यूझीलंडमध्ये गाडी लावून उघड्यावर मुक्काम करण्याबाबत २०११ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि २०२३ च्या दुरुस्तीने गाडीत पक्का बसवलेला संडास असेल तरच तिला स्वयंपूर्ण गाडीचं प्रमाणपत्र मिळतं. आपल्याकडे मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहेच. ज्या गाडीत संडास आणि सांडपाण्याची टाकी आहे, तिला एक साधा परवाना चिकटवून द्या. ज्या गाडीत फक्त गादी टाकलेली आहे, तिने स्वच्छतागृह असलेल्याच आवारात राहावं.

सगळं महामंडळानेच करावं असंही नाही. 'निवास व न्याहारी' योजनेत कोकणातल्या कितीतरी घरांनी खोल्या दिल्या, पाटी लावली, चार पैसे कमावले. त्याच योजनेत एक ओळ वाढवा: अंगणात किंवा वाडीत व्हॅनसाठी जागा, नळ आणि संडासाची सोय असेल तर तीही नोंदवता येईल. खोली बांधायला ज्याच्याकडे भांडवल नाही, त्यालाही हे जमेल. आम्ही त्याच्या घरचं जेवण घेऊ, कोकम घेऊ, आंबे घेऊ. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणातल्या केंद्रांनाही हे सहज करता येईल. आणि एखाद्या ठिकाणी गर्दी वाढली तर कासच्या पठारावर केलं तसं करा: रोजची संख्या बांधा, आधी आरक्षण घ्या, कारभार आणि शुल्क स्थानिक समितीकडे द्या. ज्या गावात आपण राहतो त्या गावाच्या पदरात काही पडलं, तरच ते गाव आपल्याला पुन्हा येऊ देतं.

महोदय, माझी विनंती दोन आवारांपासून सुरुवात करण्याची आहे. घाटावरचं कार्ला आणि कोकणातलं गणपतीपुळे. प्रत्येकी चार गाड्यांची जागा, एमटीडीसीच्या आरक्षणाच्या संकेतस्थळावर 'खासगी कॅम्पर व्हॅन' असा पर्याय, आणि त्याच पानावर कुत्र्याबद्दलचा नियम मराठीत. एक हिवाळा चालवून पाहा. दोन्ही ठिकाणच्या सफाई कर्मचाऱ्यांना आणि व्यवस्थापकांना सहा महिन्यांनी विचारा की त्रास झाला का. त्यांचं उत्तर आमच्या उत्तरापेक्षा महत्त्वाचं माना. नियम लिहिताना एक पशुवैद्य, वनखात्याचा एक अधिकारी आणि गावचे सरपंच यांना बसवा. आमच्यासारख्या एखाद्या कुटुंबालाही बोलावलं तर आम्ही गाडी घेऊन येऊ, टाक्या कुठे असतात, त्या कशा रिकाम्या होतात, सॉकेट कुठल्या बाजूला लागतो, हे सगळं उघडून दाखवू.

दिवाळीच्या सुट्टीची आरक्षणं सुरू होण्याआधी यावर आपल्या विभागाकडून लेखी उत्तर मिळावं, ही विनंती.

आपली नम्र,
सांगलीची एक नागरिक