नाव न विचारलेल्यांचे आभार

नोकरीच्या मेडिकलसाठी रक्त दिलं तेव्हा आमच्या धाकट्याला साधी कणकणही नव्हती. वय २४, आदल्या दिवशी क्रिकेट खेळून आलेला. पांढऱ्या पेशी निघाल्या १,३८,०००, नेहमीच्या कितीतरी पट!

लॅबमधल्या ताई, तुम्ही मशीनवर न विसंबता काचपट्टी स्वतः तपासलीत, रात्री नऊला फोन केलात. घाबरवलं नाहीत, पण टाळूही दिलं नाहीत.

बीसीआर-एबीएल या जनुकाच्या तपासणीत सीएमएल, म्हणजे रक्ताचा एक कॅन्सर, पक्का झाला; ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल. ओपीडीच्या रांगेतल्या काकांनी आपली इमॅटिनिबची, म्हणजे याच आजारावरच्या गोळ्यांची, पट्टी दाखवली. "चौदा वर्षं घेतोय. जेवणाबरोबर, भरपूर पाण्यासोबत घे." आईचं रडणं तिथे थांबलं, डॉक्टरांपुढे नव्हे.

आणि बोन मॅरोच्या (अस्थिमज्जेच्या) तपासणीच्या दिवशी चहा आणून देणारे वॉर्डबॉय दादा, तुमचे पैसे द्यायचे राहिलेत.