नकाशावरची जुळणी आणि दगडांची साक्ष

चि. रेवा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मैत्रिणीचा आक्षेप मला रास्त वाटला. आफ्रिकेचा आणि दक्षिण अमेरिकेचा किनारा जुळतो म्हणून ते एकेकाळी एकत्र होते असं म्हणायचं, तर उद्या कोणीही काहीही जुळवून दाखवेल, असं ती म्हणते. फोनवर तू चिडलीस आणि विषय तिथेच राहिला, म्हणून आज निवांत बसून लिहितो. तिच्याशी पुन्हा बोलणं होईल तेव्हा किनाऱ्यापासून सुरुवात करू नकोस. किनारा म्हणजे समुद्राची आजची पातळी, ती वर-खाली होत असते. खंडाची खरी कड पाण्याखाली असते. १९६५ साली केंब्रिजच्या एडवर्ड बुलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ९०० मीटर खोलीवरच्या कडा घेऊन संगणकावर हे खंड जोडून पाहिले, तेव्हा ते किनाऱ्यांपेक्षाही चांगले बसले. पण तेवढ्यानेही तिचं समाधान व्हायचं नाही आणि होऊही नये.

आल्फ्रेड वेगेनर हा जर्मन हवामानशास्त्रज्ञ. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्टमध्ये त्याने भूवैज्ञानिकांसमोर खंड सरकतात हा विचार मांडला. नुसता आकार जुळून भागत नाही हे त्यालाही ठाऊक होतं. त्याचं म्हणणं असं, की फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे कडेला कड लावून ठेवा आणि मग छापलेल्या ओळी वाचा. ओळी एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सलग गेल्या, तर ते तुकडे एकाच कागदाचे.

आता या ओळी कुठल्या ते सांगतो. पश्चिम आफ्रिकेत घानामधल्या अक्राजवळ एक सीमा समुद्राला भिडते. तिच्या पश्चिमेचे खडक सुमारे २०० कोटी वर्षांचे, पूर्वेचे ५५-६० कोटींचे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या पॅट्रिक हर्ली यांनी विचार केला की खंड खरंच जोडलेले असतील, तर ही सीमा ब्राझीलमध्ये साओ लुईस शहराच्या आसपास पुन्हा सापडायला हवी. तिथल्या खडकांची वयं काढली, आणि सीमा तिथेच निघाली. हे १९६७ साली प्रसिद्ध झालं. जागा आधी सांगितली आणि मग जाऊन तपासलं, हे तुझ्या मैत्रिणीला नीट सांग. जुळवून दाखवणं आणि आधी सांगून खरं ठरणं यांत फार अंतर आहे.

खरं तर मला लिहायचं होतं ते आपल्या चंद्रपूरच्या भागाबद्दल. आमच्या खाणीत कोळशाच्या थराच्या वर राखाडी शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक, असतो. कोळशावरची ही माती-दगड काढताना त्याच्या पाट्या सुटतात, आणि एखादी पाटी हाताने उकलली की आत पान निघतं. लांबट, जिभेच्या आकाराचं, मधोमध जाड शीर आणि दोन्ही बाजूंना बारीक जाळी. काही पानं वीतभर असतात. उन्हात तिरकी धरली तर जाळीचा एकेक डोळा मोजता येतो. हे ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, आता नामशेष झालेल्या झाडाचं पान. आपला कोळसा मुख्यतः याच झाडांचा, वय २५ कोटी वर्षांहून जास्त. डम्परवाले ती पाटी उचलून बाजूला टाकतात. त्यांचा दोष नाही, पण मला दरवेळी हळहळ वाटते.

हेच पान दक्षिण आफ्रिकेत सापडतं, दक्षिण अमेरिकेत सापडतं, ऑस्ट्रेलियात सापडतं. आणि अंटार्क्टिकातही. ती हकीकत तुला माहीत असायला हवी. दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश मोहिमेचा प्रमुख कॅप्टन स्कॉट आणि त्याची माणसं बिअर्डमोर हिमनदीशी पोचली, तेव्हा ती उपाशी आणि गारठलेली होती, स्लेज हाताने ओढत होती. तरीही ८ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांच्यातल्या डॉ. एडवर्ड विल्सन यांनी तिथल्या कड्यांतून पानांचे ठसे असलेले दगड गोळा केले. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला तंबूत तीन मृतदेह मिळाले आणि बाहेर स्लेजवर सुमारे १६ किलो दगड. शेवटपर्यंत त्यांनी ते टाकले नव्हते. केंब्रिजच्या आल्बर्ट सेवर्ड यांनी ते तपासले आणि १९१४ साली जाहीर केलं की यात ग्लॉसोप्टेरिस आहे. वेगेनरच्या भाषणानंतर साधारण महिन्याभराने, त्याच्याबद्दल काहीही ठाऊक नसलेल्या माणसाने बर्फातून उचललेला हा पुरावा. मी तो वाचला तेव्हा बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

प्राण्यांचंही तसंच आहे. मेसोसॉरस हा साधारण मीटरभर लांबीचा, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहणारा सरपटणारा प्राणी फक्त दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेचा दक्षिण भाग इथेच मिळतो. अख्खा अटलांटिक पोहून जाणं त्याला शक्य नव्हतं. लिस्ट्रोसॉरस या जमिनीवरच्या प्राण्याचे अवशेष आफ्रिकेत मिळाले, आपल्याकडे दामोदर खोऱ्यात मिळाले, आणि १९६९ मध्ये अंटार्क्टिकातही.

यावर जुन्या लोकांचं उत्तर तयार होतं: खंडांमध्ये जमिनीचे पूल असतील, ते नंतर बुडाले. पण खंडांचा खडक समुद्रतळाच्या खडकापेक्षा हलका असतो, तो एवढा खाली बुडणार कसा, हे वेगेनरने विचारलं. आणि पूल मानले तरी बर्फाचं काय करायचं? १८५६ साली ओडिशात तालचेरजवळ भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड बंधूंना बारीक मातीत अडकलेले प्रचंड गोटे दिसले आणि त्यांनी हे बर्फाचं काम असल्याचं म्हटलं. उष्ण कटिबंधातल्या ओडिशात बर्फ! पुढे १८७०च्या दशकात आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, इरई इथे, फ्रान्सिस फेडन यांनी त्याच गोट्यांच्या थराखालची चुनखडी पाहिली. ती घासून गुळगुळीत झालेली होती आणि तिच्यावर समांतर ओरखडे होते. हिमनदी सरकताना तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकावर असेच ओरखडे काढतात. मे महिन्यात ४६-४७ अंश तापमान सोसणाऱ्या चंद्रपूरवर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी बर्फाची चादर होती.

त्याच काळाचे ओरखडे दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही आहेत. खंड आजच्या जागी ठेवले तर काही ठिकाणी बर्फ समुद्रातून जमिनीवर चढल्यासारखा दिसतो, आणि विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना बर्फ मानावा लागतो. तेच खंड दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र ठेवले, तर सगळे ओरखडे एका मोठ्या हिमप्रदेशातून बाहेर पडताना दिसतात. त्या जोडलेल्या भूभागाला ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक एडवर्ड झ्यूस यांनी गोंडवनाचंच नाव दिलं, आणि आपण राहतो ती गोंडांचीच भूमी.

एवढं असून लोकांनी वेगेनरला मानलं नाही. यात सगळे विरोधक आडमुठे होते असं समजू नकोस. खंड कशाच्या जोरावर सरकतात याचं त्याने दिलेलं कारण चुकीचं होतं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आणि चंद्र-सूर्याच्या ओढीमुळे निर्माण होणारी बलं फारच क्षीण आहेत हे ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरोल्ड जेफ्रीज यांनी गणिताने दाखवलं, आणि ते गणित बरोबर होतं. त्यांचं चुकलं ते पुढे: कारण सापडत नाही म्हणून घडलेलंच नाही, असं त्यांनी धरलं. १९३० साली ग्रीनलंडच्या मोहिमेत वेगेनर वारला, तेव्हा त्याचा विचार जवळजवळ टाकून दिलेला होता.

तो परत आला समुद्रतळाच्या आणि चुंबकत्वाच्या अभ्यासातून. समुद्रतळ महासागराच्या मधल्या पर्वतरांगांपाशी नव्याने तयार होतो आणि दोन्ही बाजूंना पसरतो, हे व्हाइन आणि मॅथ्यूज या भूवैज्ञानिकांनी १९६३ साली तळाच्या खडकातल्या आलटून-पालटून उलट-सुलट चुंबकत्वाच्या पट्ट्यांवरून मांडलं. त्यांनी वापरलेली मोजणी आपल्या अरबी समुद्राच्या बाजूच्या कार्ल्सबर्ग रांगेवरची होती. ते तुमच्या पुस्तकात असेल. दख्खनच्या कातळाचं मात्र बहुधा नसेल, म्हणून सांगतो. तू रविवारी सिंहगड चढतेस, तो सगळा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. लाव्हा थंड होताना त्यातले मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत पक्के होतात. मोकळी टांगलेली चुंबकसूची विषुववृत्तावर आडवी राहते आणि ध्रुवावर उभी, म्हणजे तिच्या कलावरून अक्षांश काढता येतो. आज पुण्यात हा कल २५ अंशांच्या आसपास आहे. १९५०च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दख्खनच्या कातळाचे नमुने मोजले, तेव्हा कल त्याच्या जवळपास दुप्पट निघाला, तोही दक्षिण गोलार्धातला. हिशेब येतो सुमारे ३० अंश दक्षिण. सिंहगडाचा दगड विषुववृत्ताच्या पलीकडे थंड झाला.

आता कॅल्क्युलेटर घे. ३० अंश दक्षिणेपासून १८ अंश उत्तरेपर्यंत ४८ अंश, दर अंशाला १११ किलोमीटर धरले तर साधारण ५३०० किलोमीटर. भाग ६.६ कोटी वर्षांनी. वर्षाला ८ सेंटीमीटर येतात. आमच्या सर्वेक्षणाच्या कामात आता जीपीएस असतं. त्याच उपग्रहांवर वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदी सांगतात की भारताची जमीन आजही ईशान्येकडे वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर सरकते आहे. आकडा कमी का, हेही मैत्रिणीला विचार. याचं उत्तर हिमालयात आहे: सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आपण आशियाला धडकलो आणि वेग मंदावला.

आईने मेथीचे लाडू केले आहेत, शनिवारच्या ट्रॅव्हल्सने पाठवतो. त्याच डब्यात पानाची एक पाटी कापडात गुंडाळून ठेवली आहे. दोघी मिळून भिंगाखाली बघा, आणि शेल ठिसूळ असतो, ओला करू नका.

तुझा,
बाबा